भाकरीवरून झालेलं भांडण

मागच्या नाताळात मी वसईला होतो. टीममधल्या एका मित्राने आग्रहाने बोलावलं होतं. (त्याला आपण वसईकर म्हणू. खरं नाव टाकलं तर कोड रिव्ह्यूमध्ये माझा सूड घेईल.) त्याचं लग्न होऊन जेमतेम आठ महिने झाले होते. बायको नगरची. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण ती अजून 'आमच्या नगरला' असंच म्हणते, तेव्हा मीही तेच म्हणतो. दोघं ख्रिश्चन, दोघांच्या घरी मराठी, दोघं आयटीत. तरी लग्न ठरताना दोन्हीकडे बरीच खळखळ झाली होती. तेव्हा मी एक अत्यंत मठ्ठ प्रश्न विचारला होता, "अरे पण दोघं ख्रिश्चनच ना? मग प्रॉब्लेम काय?" तो नुसता हसला होता. "ये एकदा मिस्साला, कळेल."

तर मध्यरात्रीच्या मिस्साला गेलो. चर्च गच्च भरलेलं, बाहेर मांडवात खुर्च्या, लाल लुगड्यातल्या आज्या, गिटार घेतलेली पोरं, आणि सगळं मराठीतून. मी मागच्या बाकावर. माझ्या शेजारी वसईकराच्या सासूबाई, म्हणजे नगरच्या काकू. निवृत्त शिक्षिका. गाणी सुरू झाली की काकू पुस्तकात न बघता खणखणीत आवाजात गायच्या, चाल येत नसली तरी दुसऱ्या ओळीपर्यंत पकडायच्या. मग एका क्षणी छोटी घंटा वाजली, फादरांनी पांढरी गोल भाकर वर उचलली आणि सगळं चर्च गुडघ्यावर गेलं. काकूंनी मान खाली घातली, पण बसूनच राहिल्या.

थोड्या वेळाने लोक रांगेने पुढे जाऊन ती भाकर घ्यायला लागले. आमचा अख्खा बाक रिकामा झाला. उरलो मी आणि काकू. माझं ठीक आहे. मला वाटलं काकूंचे गुडघे दुखत असतील, म्हणून विचारलं. "नाही रे बाळा," त्या म्हणाल्या, "आम्हाला चालत नाही इथे. म्हणजे, त्यांना चालत नाही." आणि जरा थांबून, "पन्नास वर्षं प्रभुभोजन घेतेय मी."

पुढे त्या काही बोलल्या नाहीत. मीही नाही. पण ते डोक्यातून जाईना. त्यानंतरचे दोन महिने वीकएंडला सिनेमे बघायचे सोडून मी हेच वाचत बसलो होतो. त्यातलं जे समजलं ते आज इथे मांडतोय.

साधारण १५०० सालचं युरोपातलं एखादं खेड्यातलं चर्च डोळ्यांसमोर आणा. पूर्वेच्या टोकाला वेदी. वेदी आणि लोक यांच्यामध्ये लाकडाची कोरीव जाळी. फादरांची लोकांकडे पाठ, कारण तेही सगळ्यांबरोबर पूर्वेकडेच तोंड करून उभे. प्रार्थना लॅटिनमध्ये, आणि त्यातला सर्वात महत्त्वाचा भाग तर ओठातल्या ओठात. लोक काय करत? आपापली जपमाळ ओढत. एखाद्या संताच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावत. शेजाऱ्याशी कुजबुजतही असतील, माणसंच ती. मग घंटा वाजे, फादर भाकर डोक्याच्या वर उचलून धरत आणि सगळे माना उंचावून तिच्याकडे बघत. तो क्षण मिळाला की चर्चला आल्याचं सार्थक. आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपण याला दर्शन म्हणतो.

खाण्याचा प्रसंग मात्र क्वचित. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने नियमच केला की प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा, ईस्टरला, ही भाकर घ्यावी. असा नियम करावा लागला यातच सगळं आलं. द्राक्षारसाचा पेला तर साध्या लोकांना मिळतच नसे, तो फादरांपुरता. त्याच परिषदेने हेही ठरवून टाकलं की मिस्सामध्ये भाकरीचं मूळ द्रव्य पालटून ते खरोखर ख्रिस्ताचं शरीर होतं. रंग, चव, आकार एवढं भाकरीचं उरतं. (आमच्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस तोच, आतलं इम्प्लिमेंटेशन संपूर्ण बदललेलं. वसईकराला ही उपमा आवडली, त्याच्या आईला अजिबात नाही.)

हे एकदा समजलं की कॅथलिक चर्चमधली प्रत्येक गोष्ट जागेवर बसते. मिस्सानंतर उरलेली भाकर वेदीजवळच्या छोट्या कपाटात कुलपात ठेवतात आणि शेजारी एक दिवा अखंड जळत असतो. वसईकर लहानपणापासून ऐकत आलाय, दिवा चालू असला की समजायचं कोणीतरी घरात आहे. म्हणून आत शिरताना गुडघा टेकायचा. म्हणून रिकाम्या चर्चमध्येही हळू बोलायचं. देव तिथे आहे, वस्तूत आहे, आणि आपण त्याच्यासमोर आहोत.

आता दुसरी बाजू. मार्टिन ल्यूथर आणि १५१७ हे शाळेत सगळ्यांनी घोकलंय. पण ते भांडण पापमुक्तीच्या पत्रकांवरून होतं. उपासना बदलायला आणखी चार वर्षं गेली, आणि ती बदलली नेमकी नाताळात. २५ डिसेंबर १५२१, गाव विटेनबर्ग. ल्यूथर तेव्हा लपून बसलेला. त्याचा सहकारी कार्लस्टाट हा साध्या कपड्यांत वेदीपाशी गेला, महत्त्वाची वाक्यं खणखणीत जर्मनमध्ये म्हणाला, आणि लोकांना म्हणाला की भाकर आणि पेला दोन्ही आपल्या हाताने घ्या. शेकडो वर्षं ज्या वस्तूकडे लांबून बघितलं, ती एकदम हातात! असं सांगतात की एकाचा हात इतका थरथरला की भाकर खाली पडली. कार्लस्टाट म्हणाला, उचल. त्या माणसाची उचलायची हिंमत होईना. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. डोक्याला नवीन पटलंय, हाताला अजून पटलेलं नाही.

ल्यूथर मार्च १५२२ मध्ये परत आला आणि त्याने चक्क ब्रेक लावला. आठ दिवस रोज प्रवचन देऊन सांगितलं की लोकांची मनं तयार होण्याआधी गोष्टी अशा उपटून टाकू नका. त्याने मेणबत्त्या ठेवल्या, वेदी ठेवली, भाकर उंच धरणंही बरीच वर्षं चालू ठेवलं. बदललं ते असं की उपासना लोकांच्या भाषेत आली, प्रवचन मोठं झालं आणि लोक स्वतः गायला लागले. १५२४ मध्ये आठ गाण्यांची एक चिमुकली पुस्तिका छापली गेली. प्रॉटेस्टंट गाण्यांचं सगळं घराणं तिथून सुरू होतं. चर्चमध्ये गाणं हे आधी मुख्यतः फादरांचं आणि गायकवृंदाचं काम होतं. आता बाकावरचा चांभार आणि सुतारही गाऊ लागले. काकूंचा तो खणखणीत आवाज कुठून आला, ते मला इथे कळलं.

स्वित्झर्लंडमधल्या झुरिकचा झ्विंग्ली मात्र ल्यूथरसारखा थांबणारा नव्हता. १५२४ च्या उन्हाळ्यात शहरातल्या चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं शिस्तीत उतरवली, भिंती पांढऱ्याफटक केल्या. १३ एप्रिल १५२५ ला मिस्साच्या जागी पहिलं साधं प्रभुभोजन झालं. सोन्याचांदीची भांडी नाहीत. लाकडी ताटं, लाकडी पेले. लोक आपापल्या जागी बसलेले, ताट हातोहात फिरतंय, प्रत्येकाने तुकडा मोडून घ्यायचा आणि ताट पुढे द्यायचं. संगीतही बंद. १५२७ मध्ये मुख्य चर्चचा ऑर्गन मोडून काढला. गंमत म्हणजे हा झ्विंग्ली स्वतः अनेक वाद्यं वाजवणारा पक्का संगीतवेडा माणूस. घरी वाजवायचा, पण उपासनेत एकही सूर नको. का? तर कान फक्त शब्दासाठी रिकामे राहिले पाहिजेत. देव भेटतो तो बायबलच्या शब्दातून, ऐकण्यातून. भाकर ही आठवण. फार पवित्र आठवण, पण आठवणच. म्हणून खोलीचं फर्निचरच बदललं. मध्यभागी वेदी होती तिथे आता प्रवचनाचं व्यासपीठ आलं.

साहजिकच ल्यूथर आणि झ्विंग्लीची जुंपली. १५२९ च्या ऑक्टोबरमध्ये हेसेच्या फिलिप राजाने दोघांना मारबुर्गच्या किल्ल्यात समोरासमोर बसवलं. एकी झाली नाही तर सगळेच मरणार हे त्याला दिसत होतं. ल्यूथरने खडूने टेबलावरच एक वाक्य लिहून ठेवलं. शेवटच्या भोजनात येशूने भाकरीला आपलं शरीर म्हटलं, त्याचे लॅटिन शब्द. आणि अडून बसला, की यातल्या 'आहे' चा अर्थ 'आहे' असाच. झ्विंग्लीचं म्हणणं, 'आहे' म्हणजे 'दर्शवते'. पंधरा मुद्द्यांची यादी होती. चौदांवर एकमत झालं. पंधराव्यावरही जवळपास सगळं जुळलं, अडलं ते फक्त या एका क्रियापदावर. ज्यांनी रिलीजच्या आदल्या रात्री एका उरलेल्या बगवरून माणसांना भांडताना पाहिलंय, त्यांना हे ओळखीचं वाटेल. फक्त इथे एकी होऊ शकली नाही, आणि दोन वर्षांनी झ्विंग्ली कॅथलिक परगण्यांविरुद्धच्या लढाईत मारला गेला.

हे सगळं झालं पुढाऱ्यांचं. मला खरी ओढ लागली ती साध्या लोकांनी हे कसं घेतलं याची. आणि त्यासाठी इंग्लंडला जावं लागतं, कारण तिथे एक वही आहे.

नैऋत्य इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात मोरबाथ नावाचं खेडं आहे. तेव्हा जेमतेम तीसेक कुटुंबांचं. तिथे क्रिस्टोफर ट्रायचे नावाचे धर्मगुरू १५२० ते १५७४ अशी चोपन्न वर्षं एकाच चर्चमध्ये होते, आणि ते चर्चचा हिशोब लिहीत. हा हिशोब गावापुढे मोठ्याने वाचला जाई. ईमन डफी या इतिहासकाराने २००१ मध्ये त्या हिशोबाच्या वहीवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. सिस्टिम लॉग वाचून घडलेला प्रकार शोधायची सवय असलेल्या माणसाला ते पुस्तक हातातून सोडवत नाही.

त्या गावात संतांच्या नावाने मेंढ्या होत्या. म्हणजे खरंच, अमुक मेंढी या संताची, तमुक मेंढी त्या संताची. गावातल्या घरांनी त्या आपल्या कळपात सांभाळायच्या आणि लोकर विकून त्या संतापुढच्या दिव्याचा खर्च भागवायचा. तरुण पोरांचा वेगळा निधी, पोरींचा वेगळा. देवस्थानच्या जमिनी आणि नंदादीप माहीत असलेल्या आपल्याला हे किती घरचं वाटतं! फादर ट्रायचेंना एकच हौस होती. मृतांसाठीच्या मिस्साला घालायची काळी वस्त्रं. वीसेक वर्षं गावकऱ्यांच्या मागे लागून पैपैसा जमवून ती १५४७ मध्ये एकदाची आली. आणि त्याच वर्षी आठवा हेन्री मेला, त्याचा नऊ वर्षांचा मुलगा एडवर्ड गादीवर बसला, आणि त्याच्या प्रॉटेस्टंट सल्लागारांनी जुनं सगळं बंद करायला घेतलं. मूर्ती गेल्या, दिवे गेले, मेंढ्या विकल्या गेल्या. मृतांसाठी मिस्सा म्हणणंच चूक ठरलं. वही वाचताना इथे माझा घसा दाटला, हे प्रामाणिकपणे सांगतो. वीस वर्षांचा प्रोजेक्ट डिलिव्हर झाला आणि त्याच वर्षी रद्द.

९ जून १५४९ या रविवारी आर्चबिशप क्रॅन्मरचं नवीन इंग्रजी प्रार्थनापुस्तक देशभर सक्तीचं झालं. क्रॅन्मरची तळमळ खरी होती. लोकांना प्रार्थना समजली पाहिजे, सगळ्यांनी एका सुरात म्हटली पाहिजे. (आणि त्याचं इंग्रजी इतकं सुंदर आहे की पुढची चारशे वर्षं ते लोकांच्या जन्मात, लग्नात आणि मयतीत वाजत राहिलं.) पण दुसऱ्याच दिवशी डेव्हनच्याच सॅम्पफर्ड कोर्टनी गावात लोकांनी आपल्या धर्मगुरूला गाठून सांगितलं, जुनी मिस्सा म्हणा. तिथून बंड पेटलं. शेजारच्या कॉर्नवॉलचे लोकही आले. त्यांनी एक्सेटर शहराला पाच आठवडे वेढा घातला. मोरबाथनेही आपली पाच पोरं पाठवली, आणि त्यांच्या हत्यारांचा खर्च चर्चच्या वहीत मांडला!

बंडखोरांच्या मागण्यांमध्ये एक मुद्दा असा होता की आम्हा कॉर्नवॉलच्या काही माणसांना इंग्रजी कळत नाही, म्हणून ही नवी इंग्रजी उपासना आम्हाला नको. त्यांची भाषा कॉर्निश. क्रॅन्मरने उत्तरात विचारलं, मग लॅटिन कितीजणांना कळतं? तर्काने बिनतोड. पण मला वाटतं क्रॅन्मरला मुद्दा समजलाच नाही. लॅटिन कळत नव्हती, पण ती मिस्सा त्यांची होती. कधी घंटा वाजते, कधी गुडघे टेकायचे, कुठला दिवा कोणाच्या मेंढीवर चालतो हे त्यांना पाठ होतं. शब्द समजणं आणि उपासना समजणं या दोन गोष्टी त्यांच्यासाठी एक नव्हत्या. आमच्या आजीला रुद्रातला एक शब्द कळत नसे, आणि तिच्याइतकं ते कोणाला समजत होतं याबद्दल मला शंका आहे.

सरकारने भाडोत्री जर्मन आणि इटालियन सैनिक आणून बंड चिरडलं. हजारो माणसं मेली. एक्सेटरजवळच्या सेंट थॉमस चर्चच्या धर्मगुरूला त्याच्याच चर्चच्या मनोऱ्यावर फाशी दिलं, अंगावर जुनी वस्त्रं चढवून, वर तीर्थाचं भांडं, घंटी आणि जपमाळ लटकवून. जपमाळ! म्हणजे प्रार्थनेचं साधन हाच गुन्ह्याचा पुरावा. आणि दुसऱ्या बाजूचं म्हणाल तर, पुढे १५५३ मध्ये कॅथलिक मेरी राणी झाली, मिस्सा परत आली, आणि तीनशेच्या आसपास प्रॉटेस्टंट जिवंत जाळले गेले. २१ मार्च १५५६ ला खुद्द क्रॅन्मरला ऑक्सफर्डमध्ये जाळलं. जिवाच्या भीतीने त्याने आधी माघारीच्या कागदावर सह्या केल्या होत्या. म्हणून त्याने तो सही करणारा उजवा हात आधी आगीत धरला. कोणाची बाजू घ्यायची, सांगा.

या सगळ्या मारामारीत प्रार्थनापुस्तकाची व्हर्जन कंट्रोल हिस्टरी बघण्यासारखी आहे. १५४९ च्या आवृत्तीत भाकर देताना धर्मगुरू जे वाक्य म्हणे, त्यातून ते ख्रिस्ताचं शरीर आहे असा अर्थ सहज निघे. १५५२ च्या आवृत्तीत ते काढून नवं टाकलं, ख्रिस्ताची आठवण ठेवून खा अशा अर्थाचं. ते पुस्तक छापखान्यात असताना कडव्या मंडळींनी नवा आक्षेप काढला, भाकर घेताना गुडघे टेकायचेच कशाला? मग छपाई चालू असताना एक खुलासा घुसवला गेला, की गुडघे टेकणं ही भाकरीची पूजा नव्हे. काही प्रतींमध्ये तो सुटा कागद चिकटवलेला सापडतो. चक्क हॉटफिक्स. :-) आणि १५५९ मध्ये एलिझाबेथ राणीच्या काळात मर्ज करताना काय केलं असेल? दोन्ही वाक्यं ठेवली. एकामागोमाग एक. ज्याला जे हवं ते ऐकावं.

कॅथलिक चर्चने आपली उत्तरं ट्रेंट गावच्या परिषदेत (१५४५ ते १५६३) दिली. १५७० मध्ये पोप पायस पाचवे यांनी मिस्साचं एक पुस्तक ठरवून दिलं. लॅटिन मिस्सा त्या साच्यात पुढची चारशे वर्षं जवळजवळ गोठली.

आता मराठीकडे यायला एक अनपेक्षित वाट आहे. ज्या सुमारास ते इंग्रजी प्रार्थनापुस्तक निघालं, त्याच सुमारास, म्हणजे १५४९ च्या आसपास, इंग्लंडात एक मुलगा जन्मला. कॅथलिक. मोठा झाल्यावर त्याच्या देशात मिस्सा बेकायदा होती. तो रोमला गेला, जेझुइट झाला आणि १५७९ मध्ये गोव्याला उतरला. त्याचं नाव थॉमस स्टीफन्स. होय, 'ख्रिस्तपुराण' वाले आपले फादर स्टीफन्स! १६१६ मध्ये छापलेल्या त्या पुराणात अकरा हजारांच्या आसपास मराठी ओव्या आहेत. मराठीचं कौतुक करणारे ख्रिस्ती म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते एका भाषिक-धार्मिक भांडणातून निसटलेले निर्वासितही होते हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आणि त्यांनी काढलेला तोडगा बघा. वेदीवर लॅटिन तशीच. पण लोकांना ऐकायला, म्हणायला, समजायला त्यांच्या भाषेतलं पुराण. दर्शन तिकडे, श्रवण इकडे. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने फर्मान काढून स्थानिक भाषेवरच घाला घातला, तो भाग वेगळा आणि दुःखाचा.

वसईत पोर्तुगीज होते १५३४ ते १७३९. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, पण चर्च राहिली आणि लॅटिन मिस्साही राहिली. वसईकराच्या आजोबांनी आयुष्याचा अर्धा काळ लॅटिनच ऐकली. १९६३ च्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला दार उघडलं. मग मिस्सा मराठीत आली, फादर लोकांकडे तोंड करून उभे राहायला लागले, लोक गायला लागले. म्हणजे ल्यूथरने मागितलेल्या बऱ्याच गोष्टी साडेचारशे वर्षांनी मिळाल्या, त्याचं नाव न घेता. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारखा मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष (२०२०, उस्मानाबाद) या वातावरणातून आला.

नगरची गोष्ट नेमकी उलट सुरू होते. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत १८१३ मध्ये आलं, नगरला १८३१ मध्ये. ही मंडळी कॅल्विनच्या वळणाची. भिंती कोऱ्या, वेदीऐवजी मेज, मूर्ती नाही, मेणबत्ती नाही. पहिल्या दिवसापासून बायबल मराठीत, प्रवचन मराठीत. शब्दच तर सगळं. पण गाणी? चाली बऱ्याचशा पाश्चात्य आणि शब्द त्या चालीत कोंबलेले. तिथे रेव्हरंड ना. वा. टिळक आले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा कवी आपल्याबरोबर ओवी, अभंग, कीर्तन सगळं घेऊन आला. ('स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना वेगळं सांगायला नको. न वाचलेल्यांनी हा लेख इथेच सोडून ते वाचलं तरी चालेल.) मराठी प्रॉटेस्टंट उपासनेला आपला सूर मिळाला तो टिळकांमुळे. 'उपासना संगीत' या त्यांच्या गाण्यांच्या पुस्तकात टिळकांची कितीतरी पदं आहेत, आणि काकूंना ती तोंडपाठ आहेत.

प्रार्थनेतला फरक मला या दोन घरांत बसल्यावर कळला. वसईला संध्याकाळी रोझरी होते. दहा-दहा मण्यांचे पाच गट, प्रत्येक मण्याला मारियामातेची तीच प्रार्थना, अर्धे घरचे सुरुवात करणार, उरलेले पूर्ण करणार. लय लागते. मध्येच कुकरची शिट्टी होते, लय मोडत नाही. मारियेला आणि संतांना सांगायचं, आमच्यासाठी रदबदली करा. काकूंना हे पटत नाही. "थेट फोन लागतो, मग मध्ये ऑपरेटर कशाला?" असं त्या म्हणतात (वसईकराच्या आईसमोर नाही). त्यांच्याकडे जेवणाआधी त्यांनी डोळे मिटून स्वतःच्या शब्दांत प्रार्थना केली. त्यात पाऊस आला, शेजारच्या मुलाची बारावी आली, माझा अप्रेझलही आला. मला बरं वाटलं आणि प्रचंड संकोचही वाटला. रोझरीत मला लपता आलं होतं. इथे माझं नाव घेतलं गेलं. माझ्या मते फरक आहे तो इथे आहे, मेणबत्त्या आणि मूर्तींमध्ये नाही. एकीकडे आपल्या आधीपासून चालू असलेल्या प्रार्थनेत आपण जाऊन बसतो. दुसरीकडे प्रत्येक वेळी प्रार्थना नव्याने आपल्याला करावी लागते. वसईकराची बायको म्हणते, दमलेल्या दिवशी तिला आताशा रोझरी बरी वाटते. हे तिने आईला सांगितलेलं नाही.

बाकी वाद बरेच मिटलेत. १९९९ मध्ये तर ल्यूथरच्या मूळ मुद्द्यावर, माणसाचा उद्धार कशाने होतो यावर, व्हॅटिकन आणि ल्यूथरन मंडळींनी एकत्र सही केली. मेज मात्र अजून वेगळं. सामान्यतः कॅथलिक मिस्सात प्रॉटेस्टंटांना भाकर देत नाहीत, आणि कॅथलिकांनी दुसरीकडे ती घेऊ नये असा नियम आहे. वसईच्या फादरांना मी विचारलं. ते म्हणाले, ते काय आहे यावर आपलं एकमत नसताना एकत्र घेतलं, तर ते खोटं बोलल्यासारखं होईल. हे म्हणताना त्यांचा चेहरा खूश नव्हता.

मार्चमध्ये आम्ही सगळे नगरला गेलो. रविवारची उपासना. पांढऱ्या भिंती, मध्यभागी मेज, मोठं उघडं बायबल. पाळकसाहेबांचं पाऊण तासाचं प्रवचन, आणि ते लोक वहीत लिहून घेत होते! त्या दिवशी प्रभुभोजन होतं. त्यांच्याकडे अजून जुनी पद्धत आहे, कोणी उठत नाही, ताट बाकाबाकावरून हातोहात फिरतं. झुरिकची लाकडी ताटं मला आठवलीच. आमच्या बाकावर पहिला वसईकर, मग मी, मग काकू, मग त्यांची मुलगी.

ताट वसईकराकडे आलं. त्याने क्षणभर त्यातल्या तुकड्यांकडे बघितलं, मान लववली, आणि काही न घेता ताट माझ्याकडे दिलं. मी ते दोन्ही हातांनी धरलं. खरं सांगतो, माझा हात थोडा थरथरला. मग मी ते काकूंकडे दिलं. काकूंनी तुकडा उचलला, जावयाकडे एकदा बघितलं, आणि डोळे मिटले.